उंटिणीची समजूत

गोबीच्या वाळवंटात भर दुपारी वारा सुटला, की माणसाला झोप येत नाही, नुसती गुंगी येते. सोलोंगो लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल तंबूत चुलीशेजारी टेकते. पापण्या मिटतात आणि बाहेरचं पिल्लाचं केकाटणं लांब लांब जातं, जसं कुणी त्यावर रजई टाकावी.

आज तिसरा दिवस. पहिलटकरीण उंटिणीनं आपलं पिल्लू टाकलंय. जवळ आलं की लाथ. अशा आईला इकडे मारत नाहीत, गाऊन समजावतात. गाण्यात ‘हूस, हूस’ हा शब्द, आपल्याकडे भजनात नाम घोळवतात तसा, तिच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत घोळवायचा. साथीला शेजारचे दांझान काका आणि त्यांचं गजानं वाजवायचं दोन तारांचं वाद्य. सोलोंगो तीन दिवस गातेय. शब्द सासूबाईंचे, चाल सासूबाईंची, कणभर फरक नाही. उंटीण आपली निवांत रवंथ करतेय. पिल्लाच्या पोटात थेंब नाही, उद्याची सकाळ काही ते बघत नाही.

“चहात मीठ कमी आहे.”

चुलीपलीकडे सासूबाई बसल्यात. मागच्या हिवाळ्यात गेलेल्या सासूबाई.

थोरल्यांचं बोलणं तोडायचं नाही ही रीत स्वप्नातही सुटत नाही. सोलोंगो मुकाट मीठ घालते, दोन्ही हातांनी वाटी पुढे करते.

“आई, ते उंटिणीचं गाणं...”

“आधी पिऊ दे.”

सासूबाई घोट घेतात. घोटावर घोट घेतात. वाटी काही रिकामी होत नाही.

तंबू कुठेच नाही. दोघी गावच्या दवाखान्याच्या बाकावर बसल्यात आणि पायाखाली फरशीऐवजी गोठलेलं तळं आहे. सासूबाई कमरेची तपकिरीची बाटली काढतात.

“भेट झाली की आधी ही द्यायची-घ्यायची. विसरलीस?”

सोलोंगो उजव्या हातानं बाटली घेते. बूच निघत नाही. दातांनी ओढते, तरी निघत नाही.

“आई, पिल्लू मरतंय!”

“माणसानं आधी विचारावं, जनावरं धष्टपुष्ट आहेत ना, गवत बरं आहे ना. मग कामाचं बोलावं.”

“जनावरं मरतायत! गवत वाळलंय! झालं विचारून?”

सासूबाई खो खो हसतात. “अगं बाई, जीभ आहे की तुला! मला वाटलं, लेकानं मुकी बायको करून आणली.”

“गाणं सांगा ना हो.”

“मला कुठं येत होतं गाणं? तिच्या कानाशी बसून मी माझं रडगाणं सांगायची. दांझान भाऊजी ते सुरात ओढून घ्यायचे. माझी दोन बाळं गेली, ते माझं दुःख. ते तू गातेस, अन् वर तिनं रडावं म्हणतेस!”

“मग माझं सांगू?” सोलोंगो किंचाळते. आता दोघी टेकडीवरच्या दगडांच्या राशीपाशी उभ्या आहेत, वारा तिचे शब्द ओरबाडतोय. “पाच वर्षांत एकदा तरी लेक म्हटलंत? मीठ कमी, मीठ जास्त, जळणाला शेण ओलंच आणलंस! आणि गेलात तेव्हा रडूही दिलं नाही कुणी. म्हणे, आसवांचा समुद्र होतो आणि गेलेल्याची वाट अडते. धोंडा घेऊन फिरतेय मी छातीत!”

सासूबाई हसायच्या थांबतात.

“वाट फार कोरडी होती गं,” त्या म्हणतात. “बोट भिजेल एवढीही ओल नव्हती.”

मग त्या पुढे होतात, अंगठा तिच्या कपाळावर टेकवतात आणि हळूच वर ओढतात. नुकत्याच जन्मलेल्याला इथे असंच लोणी लावतात, ते आपलं झालं म्हणून.

“उशीर केला मी. ऊठ, लेकी.”

सोलोंगोचे डोळे उघडतात. वारा तसाच आहे, केकाटणं मात्र बारीक झालंय. कपाळाला काहीतरी गार लागतं. ती बोट लावून बघते, तर लोणी! घरातलं लोणी तर थंडीतच संपलं होतं.

ती तशीच बाहेर धावते. दांझान काका वाद्यावरची वाळू झटकत बसलेत.

“काय गं, नीट आठवलं का गाणं?”

“नाही, काका. तुम्ही वाजवत राहा. मी सुरात नसेन.”

कपाळावरचं लोणी पुसून ती पिल्लाच्या कपाळाला लावते, त्याला पोटाखाली हात घालून उचलून आईच्या कासेशी उभं करते. मग उंटिणीची मान खाली ओढून तिच्या कानाशी तोंड नेते. “हूस,” ती म्हणते, “मला रडू दिलं नाही गं कुणी. हूस...” पुढचं शब्दांत येत नाही. काकांचा गज थबकतो, मग तिच्या हुंदक्यामागून हळू चालू लागतो.

उंटिणीचं रवंथ करणं थांबतं. पिल्लू थरथरत कासेला तोंड लावतं.

उंटिणीचा मागचा पाय उचलला जातो. पाय तसाच वर राहतो.

मग तो खाली येतो, पिल्लाला चुकवून.