घंटागाडीतला माझा आवाज

नगरपरिषदेच्या घंटागाडीवर माझा आवाज लागला, तेव्हा मी आठवडाभर जमिनीवर नव्हते. मी शाळेत शिकवते आणि पंधरा ऑगस्टला माईक माझ्याच हातात असतो. ते ऐकून एका साहेबांनी मला सूचना रेकॉर्ड करायला बोलावलं. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. नळाला थेट मोटार लावू नका, म्हणजे गल्लीतल्या शेवटच्या घरालाही पाणी पोहोचेल. हे शेवटच्या घराचं मी माझ्या मनानं घातलं होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, लई भारी." मी आणखीच फुगले.

पहिल्या दिवशी गाडी गल्लीत शिरली, तेव्हा मी कणीक मळत होते. पिठाच्या हातांनी तशीच दारापुढच्या ओट्यावर धावले. वळणावरून माझाच आवाज येत होता, ठणठणीत, एकेक शब्द सुटा. इतका आनंद मला नोकरीच्या ऑर्डरचाही झाला नव्हता. पुढं नेकनूरच्या बसमध्ये मी कंडक्टरशी सुट्ट्यावरून भांडले, तर मागची बाई म्हणाली, "तुमीच का कचऱ्याच्या गाडीतल्या?" भांडण तिथंच विरघळलं.

आता खरं सांगते. आमच्या न्हाणीघरात पोत्याखाली मोटार होती. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं त्या सकाळी अख्खी गल्ली मोटारी लावून ओढते. मग आपणच का मागं राहायचं? नवऱ्याला एकदा म्हटलं, हे बरं दिसत नाही. तो म्हणाला, "रेकॉर्डिंग गावासाठी असतं." मला ते पटलं, हे सांगायला आज लाज वाटते.

गल्लीच्या टोकाच्या खोलीत एक मावशी एकट्या राहतात. सगळं आयुष्य शेळ्यांमागं गेलं, आता गुडघे गेलेत. त्यांच्या नळाला पाणी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्या कोपऱ्यावरच्या हापशावरून घागर आणायच्या, मध्ये दोनदा टेकत.

त्या सकाळी नळ आले होते, आमची मोटार चालू होती, आणि मावशी रिकामी घागर घेऊन दारात आल्या.

"बाई, सकाळधरनं नळ सोडून बसलेय. कावून येईना?"

"कशाला बसलात, मावशी?"

"तू गाडीत म्हणलीस ना, शेवटच्या घराला येतंय म्हणून. आज हापशावर गेलेच न्हाई." मग त्यांनी कान दिला. "आत काय घुरघुरतंय?"

"मिक्सर," मी म्हणाले.

"बरं. बसते मग आणखी थोडं." आणि त्या परत निघाल्या.

माझ्या अंगाची लाही झाली, आणि राग फक्त माझाच आला होता. मी पिन उपटली, पाइप सोडवला, साडी चिंब झाली. मोटार उचलून थेट बाहेर ओट्यावर ठेवली, साऱ्यांना दिसेल अशी. नवरा "अगं, टाकी" म्हणेपर्यंत मी पहिल्या दारात होते.

"मावशी नळ सोडून बसल्यात. मोटार बंद करा."

"आधी तुमची काढा, मॅडम," तिथले काका हसले.

"ओट्यावर आहे. बघून या."

ते खरंच वाकून बघून आले. आत गेले आणि त्यांच्या मोटारीची घरघर थांबली. मग पुढचं दार, त्याच्या पुढचं. दोघांनी तोंड वाकडं केलं, पण ओट्याकडे बघून तेही आत गेले. शेवटची मोटार थांबली. मी मावशींच्या दाराकडे पळत सुटले.

त्यांचा नळ आधी नुसता हवा सोडत राहिला. मग तांबडं पाणी आलं, आणि मग स्वच्छ, करंगळीएवढी धार. मावशींनी घागर लावलीच नाही. हात धारेखाली धरून बसून राहिल्या. मी तिथंच उभी राहून रडले आणि हसलेही.

आमची टाकी त्या दिवशी अर्धीसुद्धा भरली नाही. दुपारी दारात मावशी उभ्या होत्या, धापा टाकत, कमरेवर भरलेली घागर.

"घे," त्या म्हणाल्या. "तुमची मोटार बाहेर दिसली. म्हणलं, तुला पाणी कमी पडलं आसंल."