पंप कुठल्या बाजूला फिरतो?

माझ्या धाकट्या मावशीची एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात डोकावण्यात गेली. ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. डॉक्टरांनी मान न वळवता हात पुढे केला की त्यात नेमकं हवं ते हत्यार ठेवायचं, लाळ ओढणारी नळी पेशंटच्या गालात धरून ठेवायची, आणि दिवा असा वळवायचा की उजेड दाढेवर पडावा, डोळ्यांवर नाही. सगळं तिच्या नाकासमोर चालायचं, पण स्वतः काही उघडायचं नाही, काही बसवायचं नाही. याची तिने कधी तक्रार केली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र तिच्या हातांना खाज सुटली.

ती आणि मोठी मावशी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात. मोठी मावशी शाळेत गणित शिकवायची. प्रत्येक बिघाडासाठी जगात एक माणूस नेमलेला आहे आणि त्याचा फोन नंबर आपल्या वहीत आहे, यावर तिचा गाढ विश्वास. सहासष्टाव्या वर्षी ती पोहायला शिकली आणि तेव्हापासून दर मंगळवारी चारच्या ठोक्याला तलावावर हजर असते.

अशाच एका मंगळवारी सकाळी कपडे धुवायचं मशीन अर्ध्यात थांबलं. काचेच्या गोल दारामागे फेसाळ पाणी, दोन चादरी आणि मोठ्या मावशीचा पोहण्याचा पोशाख. दार उघडेना. आतून नुसता घूंऽ घूंऽ करत कुणीतरी कण्हत असल्यासारखा आवाज येत होता.

"माझा पोशाख आत अडकलाय," मोठी मावशी म्हणाली, "आणि आज मंगळवार आहे."

"आत्ता काढते."

"तू नको काढू! मी मेकॅनिकला फोन करते."

मेकॅनिक दुपारनंतर येतो म्हणाला. तोवर गप्प बसणं धाकटीला कुठलं जमायला! तिने मशीनचा प्लग काढला, नळ बंद केला आणि मशीनबरोबर आलेलं, बारा वर्षांत कुणी न उघडलेलं पुस्तक शोधून काढलं. त्यात लिहिलं होतं की खाली उजव्या कोपऱ्यात एक झाकण आहे. खरंच होतं. झाकणामागे बोटाएवढी रबरी नळी, नळीच्या तोंडाला बूच. ती बूच काढायची, ट्रे भरला की परत लावायची, ट्रे मोरीत रिकामा करायची. मोठी मावशी नाराज चेहऱ्याने शेजारी उभी होती, पण ट्रे मोजल्याशिवाय तिला राहवेना. तेरा ट्रे झाले. मग दार सुटलं.

नळीच्या शेजारी मुठीएवढी गोल गाळणी होती. ती फिरवून बाहेर काढली, तर तिच्यात एक बटण, केसांचा गुंता आणि चंद्रकोरीसारखी वाकलेली धातूची तार सापडली. ओल्या कपड्यांकडे बघत धाकटी म्हणाली, "ही तुझ्या पोहण्याच्या पोशाखातली दिसते."

मोठीने कानांवर हात ठेवले. "छे! माझी नाही. माझा पोशाख चांगल्या कंपनीचा आहे."

धाकटीने पोशाख उचलला आणि छातीपाशी चाचपला. उजवीकडे तार होती. डावीकडे नुसतं कापड.

मोठीने पोशाख तिच्या हातातून ओढून घेतला.

गाळणी साफ करून परत बसवली, मशीन पुन्हा चालू केलं, तरी ते कण्हतच राहिलं, पाणी काही सोडेना. दुपारी मेकॅनिक आला. त्याने दोन बटणं दाबली, कान लावला आणि उठून उभा राहिला.

"पंप गेलाय. पण मशीन जुनं आहे, आता नवीनच घ्या."

"पंप गेला म्हणजे नेमकं काय झालं?" धाकटीने विचारलं.

"गेला म्हणजे गेला."

हे उत्तर तिला फार लागलं. ती मला नंतर म्हणाली, "अगं, आमचे डॉक्टरसुद्धा पेशंटला आरशात दाखवायचे, ही बघा, इथे कीड आहे म्हणून. आणि हा म्हणतो, गेला म्हणजे गेला! कुठे गेला? कसा गेला?"

दुसऱ्या दिवशी तिने प्लग आणि आतलं उरलेलं पाणी काढून मशीन भिंतीला टेकवून तिरकं केलं, मागे उशी लावली आणि जमिनीवर पांढरा टॉवेल पसरला. टॉवेलवर पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि लांब दांड्याचा छोटा आरसा ओळीने मांडला. तो आरसा दवाखान्याने टाकून दिलेला, तिने जपून ठेवलेला. मशीनला खालून बूडच नव्हतं. आरसा आत घालून तिने पंप शोधला, काही सोडवायच्या आधी फोनवर चार फोटो काढले. दोन रबरी नळ्या, त्यांच्यावर स्प्रिंगच्या कड्या, एक वायरची जोडणी. पंप डावीकडे पिळला आणि तो दाढेसारखा हळूच सुटून हातात आला.

त्याचा पांढरा पंखा बोटाने फिरवला तर डुगडुगायचा आणि एका जागी येऊन रुतायचा. गाळणीतून पुढे घुसलेल्या तारेच्या टोकाने आतल्या भिंतीवर ओरखडे काढले होते, दांडा झिजला होता. "हा बघ, असा गेला!" ती एवढ्या आनंदाने ओरडली की मोठी मावशी स्वयंपाकघरातून धावत आली.

बस डेपोच्या मागच्या गल्लीत सुट्या भागांचं एक चिंचोळं दुकान आहे. पट्टे छतापासून लोंबतात, खोके एकमेकांवर रचलेले. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या दुकानदाराने फोटो बघितला न बघितला आणि एक पंप काढून दिला. "सगळे सारखेच असतात."

सारखे नव्हते. घरी आणून बघते तर त्याला स्क्रूसाठी तीन कान होते आणि मशीनमध्ये कान बसायला जागाच नव्हती. मोठी मावशी म्हणाली, "मी सांगत होते." धाकटीने जुना पंप टॉवेलात गुंडाळला आणि तशीच पुन्हा बस पकडली. दोन्ही पंप तिने काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

"हे बघा. तुमच्याला कान आहेत. माझ्याला खाचा आहेत, तो पिळून बसतो."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर चढवला. "खरंच की," तो म्हणाला, आणि शिडी घेऊन वर चढला.

योग्य पंप बसवायला तिला तासभर लागला. नळ्या चढवल्या, कड्या सरकवल्या, वायर जोडली. पहिल्याच चाचणीत मशीनखाली पाण्याचं थारोळं जमलं. तिने लगेच प्लग काढला, जमीन पुसली आणि आरशात पाहिलं. एक कडी तिरकी बसली होती. ती सरळ करून, सगळं कोरडं करून पुन्हा चालू केलं. काचेमागचं पाणी आधी थबकलं, मग भराभर खाली उतरलं.

"गेलं!" मोठी मावशी ओरडली. टाळ्याही तिनेच वाजवल्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण जुना पंप जेवणाच्या टेबलावर पडला होता आणि धाकटी त्याला सोडायला तयार नव्हती. तिने तो पूर्ण उघडला. आत एक जाड लोहचुंबक निघालं, त्यालाच पंखा जोडलेला. विजेच्या तारेचं वेटोळं मात्र प्लॅस्टिकच्या भिंतीपलीकडे. भिंतीला टाचणीएवढंही भोक नाही. म्हणजे पाणी एका खोलीत, वीज दुसऱ्या खोलीत आणि फिरवाफिरवी भिंतीआडून! या गोष्टीवर दोघी बहिणींचा चहा निवला.

मग धाकटीला दुसरंच काहीतरी दिसलं. "ताई, या पंख्याची पाती सरळ का गं? छताच्या पंख्याची तिरकी असतात."

"बोटीच्या पंख्याचीही तिरकी असतात," मोठी म्हणाली. चष्मा पुसून तिने पंखा हातात घेतला. "सरळ पात्यांचा पंखा डावीकडे फिरला काय, उजवीकडे फिरला काय, सारखंच. मग हा फिरतो तरी कुठल्या बाजूला?"

हे पुस्तकात नव्हतं. शनिवारी दुपारी दोघी दुकानात गेल्या. मोठी मावशी सुट्या भागांच्या दुकानात शिरली ती आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तीही वही घेऊन.

"कुठल्या बाजूला म्हणजे काय," दुकानदार म्हणाला, "एकाच बाजूला फिरत असणार. बावीस वर्षं विकतोय."

"दाखवता का?"

गिऱ्हाईक नव्हतं. त्याने तपासणीच्या वायरीला एक नवा पंप जोडला. पंखा गरगरला, पण इतका जोरात की नुसतं पांढरं वर्तुळ दिसायचं. धाकटीने पावतीच्या कागदाची लांब पट्टी कापली आणि तिचं टोक पंख्याच्या कडेला टेकवलं. पट्टी डावीकडे फेकली गेली.

"बघा, डावीकडे," दुकानदार म्हणाला.

"बंद करून पुन्हा लावा."

पुन्हा डावीकडे. तिसऱ्या वेळी पट्टी उजवीकडे उडाली आणि त्याच्या चष्म्यावर आपटली.

त्याने चष्मा सरळ केला. मग त्याने स्वतःहून बटण बंद केलं आणि पुन्हा लावलं. त्यांनी वीस वेळा केलं. मधेच कुणी पट्टा मागायला आलं, तर "जरा थांबा, मोजतोय," असं सांगून त्याने त्यालाही उभं केलं. मोठी मावशी वहीत रेघा मारत होती. अकरा वेळा डावीकडे, नऊ वेळा उजवीकडे.

"म्हणजे सुरुवातीला चुंबकाला जिकडे धक्का बसेल तिकडे हा निघतो," धाकटी सावकाश म्हणाली. "पाती सरळ आहेत ती त्यासाठीच. कुणीकडूनही फिरला तरी पाणी बाहेर."

"बावीस वर्षं," दुकानदार पुटपुटला. "आणि मला कुणी विचारलंच नाही."

आता एखाद्या गिऱ्हाईकाला हवा असलेला भाग नीट सांगता आला नाही की दुकानदार धाकट्या मावशीला फोन लावतो. तिने इमारतीतली तीन मशिनं ठीक केली आहेत. चौथं, खालच्या मजल्यावरचं, तिला जमलं नाही. ड्रमचं बेअरिंग निघेना, दोन दिवस झटून तिने हात टेकले आणि शेजाऱ्यांची माफी मागून त्याच मेकॅनिकला बोलावलं. तो काम करत असताना ती त्याच्या डोक्याशी उभी राहिली आणि प्रश्न विचारून विचारून तिने त्याला भंडावून सोडलं. तिसऱ्या प्रश्नानंतर तो नीट उत्तरं द्यायला लागला म्हणे.

गेल्या आठवड्यात मी फोन केला तर मोठ्या मावशीने उचलला.

"ती आत्ता नाही बोलू शकत," ती म्हणाली. "तिचा हात फ्रिजच्या मागे अडकलाय."

"अगं बाई! लागलं का?"

"नाही गं, मजेत आहे," मोठी मावशी म्हणाली. "तू नंतर कर. आम्हाला एक काहीतरी दिसलंय."