चारची बॅच

बाई वर्गाकडे पाठ करून बसत आणि कोणाचं बोट चुकलं ते सांगत. अंबडला कोर्टाजवळच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मशिनं एकदम वाजायला लागली की खालचा झेरॉक्सवाला वैतागून छताकडे बघायचा, पण बाईंची मान पेपरातल्या शब्दकोड्यावरून हलायची नाही. मध्येच म्हणायच्या, "प्रज्ञा, करंगळी झोपली तुझी." मी दचकून बघायची, तर खरंच करंगळीचं काम शेजारचं बोट करत असायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, समोर कुठेतरी आरसा लावलेला असणार. बाई पाणी प्यायला उठल्या तेव्हा मी जाऊन शोधलाही. भिंतीवर फक्त बाबासाहेबांचा फोटो आणि कॅलेंडर होतं.

तेव्हा त्या साठीच्या आसपास असतील. सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नवरा लवकर गेला आणि तीन जुनी मशिनं घेऊन त्यांनी हा वर्ग काढला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कोर्टाबाहेर झाडाखाली बसून अर्ज टाइप करणारे निम्मेअधिक लोक त्यांच्याच हाताखालून गेलेले. सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तेव्हा त्यांनीही चार कॉम्प्युटर आणले, पण नव्या विद्यार्थ्याला पहिले तीन महिने त्यांच्या जवळ फिरकू देत नसत. "लोखंडावर बोटं तयार होऊ द्या, मंग कुठंबी चालतील," हे त्यांचं म्हणणं. लोकांना एवढा दम कुठला? पोरं दुसरीकडे जाऊ लागली. सकाळच्या बॅचा कशाबशा टिकल्या, तीनला आम्ही सात-आठ जण, आणि चारच्या बॅचला तर कोणीच नाही. रजिस्टरात चार ते पाचचं पान कोरं राहायचं.

ते पान तीनच्या बॅचमधल्या आम्ही तिघांनी भरलं. सोपान वाटूरचा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा, फोनवर बघून गिटार शिकलेला आणि स्वतः गाणी रचणारा. आसिफ अंबडचाच. त्याच्या मामांचा लग्नातला ऑर्केस्ट्रा होता, त्यातला ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, त्याच्याकडे असायचा. मी कुंभार पिंपळगावहून रोज एसटीने कॉलेजला येणारी, आवाज बरा म्हणून सोपानने पकडलेली. सरावाला जागा नव्हती. एकदा धीर करून बाईंना विचारलं, चार ते पाच इथे बसलो तर चालेल का. बाईंनी शब्दकोडं बाजूला ठेवलं, रजिस्टर उघडलं आणि कोऱ्या पानावर आमची नावं लिहिली. म्हणाल्या, हजेरी घेईन, उशीर चालणार नाही, पाचला बंद म्हणजे बंद. पुढे कोणीतरी बँडचं नाव विचारलं तेव्हा आसिफ पटकन बोलून गेला, 'चारची बॅच'. तेच कायम झालं.

बाईंना गाण्यातलं काही कळत नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सांगत. पण सराव सुरू झाला की खुर्ची फिरवून पाठ करत आणि ऐकत. आमची नावं त्यांनी टाकूनच दिली होती. जो ज्या मशिनवर टायपिंग करी, तो त्या नंबरचा. "पाच नंबर पळून राह्यला," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि पाच नंबर म्हणजे आसिफ आठवडाभर फुगून बसला. पाच-पाचशे वऱ्हाडी नाचवणारा माणूस तो, त्याला टायपिंगच्या बाईंनी लय शिकवावी? शेवटी सोपानने फोनवर रेकॉर्ड करून दाखवलं. ध्रुवपद आलं की स्वारी दरवेळी लय सोडून पुढे पळतच होती. त्यानंतर आसिफ मशिनवर अर्धा तास जास्त बसायला लागला. वेगासाठी नव्हे, दोन ठोक्यांतलं अंतर सारखं यावं म्हणून. त्याच्या अम्मीला वाटलं पोरगा सुधारला.

दुसरा नियम परीक्षेचा होता, तोच त्यांनी गाण्याला लावला. टाइप करताना अक्षर चुकलं तर खोडायचं नाही आणि थांबायचंही नाही. "एक चूक झाली तर एकच मोजतात. थांबलात की मागं दहा लागतात." जालन्याला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमचा पहिला कार्यक्रम होता. दुसऱ्याच गाण्यात सोपानची तार तुटली. त्याने माझ्याकडे बघितलं, मी आसिफकडे, आणि आम्ही तिघंही न थांबता पाच तारांवर गाणं शेवटाला नेलं. खाली उतरल्यावर पोरं म्हणाली, तुम्ही फार अनुभवी दिसता. आमची पाचावर धारण बसली होती हे आम्ही कशाला सांगू!

आमचं जे गाणं चाललं, ते मात्र बाईंच्या शिकवणुकीनेच मोडलं. सोपानने वाटूर फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या पोरीवर एक गाणं केलं होतं. ते फोनवर रेकॉर्ड करत असताना पाच वाजले. शेवटचं कडवं चालू होतं. बाईंनी सवयीने, परीक्षेत देतात तसा आवाज दिला, "वेळ संपली. हात वर." आणि आम्ही तिघांनी खरोखरच हात वर केले. दोन वर्षांची सवय. गिटार थांबली, ऑक्टोपॅड थांबला, मी तर शब्दाच्या मधोमध तोंड मिटलं. नंतर रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंख्याचा आवाज आणि मग आसिफचं हसू. सोपानने ते तसंच मित्रांना पाठवलं, मित्रांनी पुढे पाठवलं, आणि महिन्याभरात जालन्यातल्या रिक्षांमध्ये ते वाजायला लागलं. कार्यक्रमातही आम्ही तिथेच थांबायचो, आणि त्या जागी पोरं स्वतःहून हात वर करू लागली. बाईंना यात कौतुकाचं काही वाटलं नाही. अर्धा उतारा म्हणजे नापास, असं त्यांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं.

आता माझं खोटं सांगायला हवं. बाबा गवंडीकाम करायचे. तरुणपणी ते गायन पार्टीत गायचे, भीमजयंतीच्या दिवसांत महिनाभर गावोगाव फिरायचे. आवाज असा की माइक बंद पडला तरी अडत नसे. मी लहान असतानाच त्यांनी ते सोडलं. कारण विचारलं तर म्हणायचे, "टाळ्या घरी आणता येत न्हाईत." माझ्या बाबतीत त्यांचा एकच हट्ट होता, टायपिंग कर आणि सरकारी नोकरीला लाग. गाण्याचा विषय घरात निघायचाच नाही. म्हणून मी घरी सांगून ठेवलं होतं की तीनला मराठी टायपिंग असतं आणि चारला इंग्रजी. कार्यक्रम असला की कॉलेजचं काहीतरी निमित्त. बाईंनी मला घरचं कधी विचारलं नाही, आणि मीही मूग गिळून बसले.

एके दिवशी बाबा सेंट्रिंगच्या कामावर होते. बरोबरच्या पोराने मोबाइलवर आमचं गाणं लावलं. ज्याचं तरुणपण गाणाऱ्यांत गेलं, त्याला स्वतःच्या लेकीचा आवाज कळायला किती वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाचारला ते इन्स्टिट्यूटचा जिना चढून आले. अंगावर सिमेंटचे कपडे नव्हते, इस्त्रीचा पांढरा सदरा होता. आमचं गाणं चालूच होतं. तेव्हा मात्र आम्ही थांबलो.

त्यांनी बाईंना जयभीम घातला, बाईंनीही जयभीम करून खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, माझी मुलगी चार वाजता इथं इंग्रजी टायपिंग करते ना? मी बाईंकडे बघत होते. एक 'हो' म्हणाल्या असत्या तर मी वाचले असते. निदान मला तसं वाटत होतं.

बाई म्हणाल्या, "न्हाई. चार वाजता ती गाते. इथंच, माझ्यासमोर. तुम्हाला ठाऊक असंल असं मी धरून चालले, ती चूक माझी. मी इचारायला पाहिजे होतं."

मग त्यांनी रजिस्टर काढून बाबांपुढे ठेवलं. रोजची हजेरी, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. कपाटातून माझं मराठी टायपिंगचं, मिनिटाला चाळीस शब्दांचं सर्टिफिकेट काढलं, जे मी भीतीपोटी घरी नेलंच नव्हतं. नेलं असतं तर आता रोज अंबडला कशाला जातेस हा प्रश्न आला असता. बाबा ते सर्टिफिकेट कितीतरी वेळ बघत राहिले. बाई म्हणाल्या, "नोकरीपुरतं मी शिकवलंय, ते बराबर आहे. गाणं मी न्हाई शिकवलं. ते ती तुमच्या घरून घेऊन आल्ती."

बाबांनी सर्टिफिकेट रजिस्टरवर ठेवलं. मग मला म्हणाले, म्हण. आसिफने हळूच ठेका धरला, सोपानने गिटार घेतली, आणि मी ते फाट्याचं गाणं त्या रेकॉर्डिंगनंतर पहिल्यांदा पूर्ण म्हटलं. बाबा खिडकीतून खाली कोर्टाकडे बघत ऐकत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात दम चोरतीस. पोटातून घे." मग बाईंना विचारलं की पाचला सुटल्यावर पिंपळगावची गाडी बराबर मिळते का. मिळते म्हटल्यावर ते जिना उतरून निघून गेले.

त्या संध्याकाळी मी घरी गेले. आईने पान वाढलं. जेवताना बाबांनी विचारलं, ते गाणं कोणी बांधलं, चाल चांगली आहे. एवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

पुढच्या वर्षी मला जालन्याला एका कार्यालयात लिपिकाची नोकरी लागली. सोपानने वाटूरला स्वतःचं दुकान टाकलं, आसिफने लग्न केलं, आणि चारची बॅच आता शनिवार-रविवारी भरते. बाईंचे गुडघे गेले, जिना चढवेना, तेव्हा त्यांनी वर्ग बंद केला आणि त्या जालन्याला पुतणीकडे राहायला आल्या. मशिनं भंगारात गेली. त्याबद्दल त्या हळहळल्या नाहीत, निदान आमच्यासमोर तरी नाही. ऑफिस सुटलं की मी अधूनमधून त्यांच्याकडे जायची. शब्दकोडं आता मला त्यांना वाचून दाखवावं लागे.

शेवटच्या आजारपणात एकदा त्यांनी आपणहून त्या दिवसाचा विषय काढला. म्हणाल्या, "तुझे वडील जिना उतरून गेले, पाठोपाठ तुम्ही तिघं गेलात, आन् मी दार लावून रडले. वाटलं, गेली चारची बॅच. उद्यापासून पुन्हा एकटीनं त्या मशिनी बघत बसायचं."

इतकी वर्षं मी समजत होते की त्यांनी आम्हाला जागा दिली, वेळ दिला, आमच्यावर उपकार केले. त्या रिकाम्या तासाचं त्यांना इतकं ओझं होतं, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी खरं बोलून त्यांनी पणाला काय लावलं होतं, तेही मला आत्ता कळत होतं. मी विचारलं, मग तुम्ही 'हो' का नाही म्हणालात? एक शब्द तर होता.

बाई म्हणाल्या, "तुला नोकरी करायची होती, गायचं होतं, आन् घरीबी जायचं होतं. खोटं बोलले असते तर पहिल्या दोन गोष्टी झाल्या असत्या. घरी जायचं राहून गेलं असतं."

बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. रविवारी सराव आटोपला की मी पिंपळगावची गाडी धरते. बाबा स्टँडवर आलेले असतात. पिशवी माझ्या हातातून घेतात, आणि घर येईपर्यंत आमच्या नव्या गाण्यात कुठे कुठे चुकलं ते सांगत चालतात.