नमुना कुठनं आणला

जुनी भिंत खरवडायला घेतली की चुन्याखाली गेरू निघतो, गेरूखाली पुन्हा चुना, आणि त्याखाली कुणाच्या तरी हातचं पुसट कमळ. आमच्या किश्शांचंही तसंच आहे. एक सांगायला बसावं तर त्याच्या पोटातून दुसरा निघतो.

आम्ही तिघं भोर-वेल्ह्याकडची घरं आतून सजवायचो. सखाराम सुतार लाकूडकाम करायचा, गऊबाई भिंती लिंपायची आणि त्यावर चित्रं काढायची, मी रंग द्यायचो. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. फौजेतली, गिरण्यांतली माणसं गावाकडं नवी घरं बांधत होती. ज्याला त्याला आपलं घर शेजाऱ्यापेक्षा वेगळं दिसायला हवं होतं. काम झालं की बघायला आलेला माणूस हटकून विचारायचा, "नमुना कुठनं आणला?"

पुण्याहून आणला म्हटलं की त्याचं समाधान व्हायचं. आम्ही तेच सांगायचो.

*

नसरापूरला एक सुभेदार होते, लढाईत इटलीला जाऊन आलेले. त्यांच्या बसायच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीपलीकडं भावकीचं घर, त्यामुळं पाडायचीही सोय नव्हती.

"तिकडं एका घरात आमचा मुक्काम होता," ते म्हणाले. "भिंतीवर खोटी खिडकी रंगवलेली. लांबनं बघितली तर खरीच वाटायची. मला तशी पायजे."

त्यांनी सांगितलं तसं मी काढलं. उघड्या झडपा, बाहेर टेकडी, टेकडीवर जाणारी पांढरी वाट, वाटेकडंला झाडं. सुभेदार खूश. रोज समोर खुर्ची टाकून चहा प्यायचे.

थोड्या दिवसांनी त्यांचा निरोप आला. गेलो, तर खुर्ची उलटी फिरवून बसलेले.

"झडपा लावून टाका," म्हणाले.

"का हो? रंग उतरला?"

"वाटेवर माणूस दिसतोय."

मी जवळ जाऊन नीट बघितलं. माणूस मी काढलाच नव्हता. तसं सांगितलं, तर ते मान न वळवता म्हणाले, "आता झाडामागं गेला असंल."

गिऱ्हाइकाशी काय वाद घालायचा? मी टेकडी बुजवली आणि त्यावर बंद झडपा रंगवल्या. शेवटची पट्टी पुरी होईपर्यंत सुभेदार माझ्यामागं उभे होते. मग त्यांनी ओल्या रंगाला बोट न लावता, अगदी वाकून बघितलं.

"कडी काढली का?"

"काढली की. ही काय."

"ते दिसतंय. आपल्या बाजूनं हाय ना?"

*

कामथडीला एका नव्या घरात गऊबाईचं काम चाललं होतं. घरची मालकीण हौशी. तिनं बजावलं, "मोर-पोपट सगळ्यांकडं हायेत. माझ्या भिंतीवर कुणाकडं नसंल असं काढ."

गऊबाईला काही सुचेना. कोऱ्या भिंतीसमोर ती दुपारपर्यंत नुसती बसून राहिली. मग उठली आणि एका दमात बैल काढला. मान खाली, पाठ उंच, जिवंत वाटावा असा. फक्त त्याचं एक शिंग मोडलेलं.

मालकीण चिडली. "नव्या घरात मोडक्या शिंगाचा बैल? नीट कर त्यो."

"तसाच हाय त्यो," गऊबाई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

इकडं सखाराम त्याच खोलीत खांबासाठी खड्डा घेत होता. पहार कशाला तरी अडली. माती उकरली तर खालून गुराची कवटी निघाली. एक शिंग शाबूत. सखाराम दुसरं शिंग शोधायला माती चाळू लागला.

गऊबाई पदराला हात पुसत दारात आली. तिनं खड्ड्यात बघितलंही नाही.

"कशाला उकरतोस, सखाराम? न्हाई ते."

*

वेल्ह्याच्या वर डोंगरात धनगरांची वस्ती होती. तिथल्या भिवाबांनी पहिल्यांदाच चार भिंतींची खोली बांधली. पण त्यांच्या बायकोला आत करमेना. सारी उमर उघड्यावर, नाहीतर कुडाच्या खोपटात गेलेली. ती म्हणे, "ह्या भिंती उलट बोलत्यात." रिकाम्या खोलीत आवाज घुमायचा, तो तिला सोसत नव्हता.

तिच्या बोलण्यावरूनच आम्हाला सुचलं. सखारामनं भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यांवर घरच्याच लोकरीची काळी घोंगडी खालपासून वरपर्यंत ताणून बसवली. अशी खोली मी पुन्हा कुठं बघितली नाही. आत शिरलं की बाहेरचा वारा बंद. आपला श्वास तेवढा ऐकू यायचा. म्हातारी हात फिरवत म्हणाली, "आता बरं हाय."

दिवस कलायला मेंढरं परत आली. रोजच्यासारखी मेंढवाड्यात जाईनात. त्या खोलीच्या भिंतीला बाहेरून चिकटून उभी राहिली, सगळ्यांची तोंडं भिंतीकडं. एकही ओरडत नव्हतं. कुत्रं तर लांबच बसून राहिलं.

मी म्हटलं, "लोकरीचा वास येत असेल त्यांना."

भिवाबांनी मान हलवली. "वासाला मेंढरू असं गप ऱ्हात न्हाई. ऐकत्यात ती."

"आतून ऐकणार कुणाला? मेंढरं तर सगळी बाहेर आहेत."

भिवाबा भिंतीकडं बघत राहिले.

"भायेरची आमची," ते म्हणाले. "आतली कुणाची, ते मला ठावं न्हाई."

*

भोरात एक मास्तर होते. बायको जाऊन वर्ष झालं होतं, मूलबाळ नव्हतं. त्यांनी मला तिच्या लुगड्याचा तुकडा दाखवला. पिकल्या जांभळासारखा, पण त्यात किंचित राख मिसळल्यासारखा रंग.

"आतल्या खोलीला हा द्या."

असा रंग भिंतीला कुणी देत नाही, पण मला तो आवडला. नीळ, हिरमुजी, काजळी, चुना, सगळं घोटून घोटून एकदाचा जमवला. वाळल्यावर मास्तरांनी तुकडा भिंतीला लावला, तर तो दिसेनासा झाला.

पुढं दिवाळीच्या आधी त्यांनी पुन्हा बोलावलं. खोलीचा रंग बाकी ठीक होता, पण खिडकीशेजारी एक जागा घासून फिकट झाली होती. रोज कुणी खांदा टेकून उभं राहावं तशी. मास्तर चांगले उंच. ती जागा त्यांच्या छातीच्याही खाली होती.

"कुणी येतं का हो घरात?" मी विचारलं.

"नाही. ती तिथं उभी राहायची. शाळा सुटायच्या वेळेला."

मी डबा उघडला. "मग ह्यावर एक हात देतो."

"नको," मास्तर म्हणाले. "तेवढं सोडून बाकीचं द्या."

*

येसूआबांचं गाव भाटघरच्या धरणात गेलं तेव्हा ते पोरगेले होते. आता त्यांचं घर वर टेकाडावर, पाण्यापासून चांगलं लांब. आबांची आई सखूआजी. गाव सुटल्यावर तिची नजर हळूहळू गेली. टेकाडावरचं घर तिच्या अंगवळणी कधी पडलंच नाही. खांबाला कपाळ आपटायचं, उखळाला पाय ठेचायचा. शेवटी तिनं घरात यायचंच सोडलं. गोठ्यात म्हशीशेजारी बसून असायची, भाकरीही तिथंच खायची.

आबांच्या ते जिवाला लागलं होतं. "लोक म्हणत्यात, येशानं आईला गोठ्यात बांधली," ते म्हणाले. "मला आतनं जुनं घर करून द्या. हुतं तस्सं."

"पण ते बघायचं कुठं?"

"वैशाखात वर येतंय."

पाणी ओसरल्यावर आम्ही आबांबरोबर खाली उतरलो. चिखल वाळून भेगाळला होता. त्यात घराचं जोतं, कमरेएवढ्या भिंती, चुलीचा दगड, दिव्याचा कोनाडा. कोनाड्यात शिंपले साचले होते. सखारामनं दोरीनं मापं घेतली. सगळा वेळ तो कुजबुजत होता. परत येताना मी त्याला कारण विचारलं.

"कुणाच्या घरात जाऊन मोठ्यानं बोलायचं असतं व्हय?" तो म्हणाला.

मग टेकाडावरच्या घराचं आतलं सगळं बदललं. खांब सरकवले, उखळ हलवलं, चूल कोपऱ्यातून काढून मधल्या भिंतीला आणली, कोनाडा खोदला. गऊबाईनं जमीन तशीच चढउताराची केली. आबांनी आजीला हात धरून उंबऱ्याशी आणलं. तिनं डावीकडचा खांब चाचपला. आबांचा हात सोडला. सरळ चालत चुलीशी गेली, बसली आणि न चाचपडता कोनाड्यात हात घातला.

आबा भिंतीकडं तोंड करून रडले.

त्या दिवसापासून आजी घरात राहायला लागली. जात्यावर बसायची, चुलीवर दूध ठेवायची. परक्या माणसाला ती आंधळी आहे हे कळलंही नसतं.

श्रावणात मी माजघराची बॉर्डर काढायला गेलो. दारातून लांब खाली धरणाचं पाणी दिसत होतं, चढत चाललेलं. सखाराम बिजागरी बसवत होता. आबा आणि त्यांची बायको घेवडा निवडत बसले होते. जमीन सकाळीच सारवून वाळलेली, खडखडीत.

आजी जात्यावरून उठली. तिनं लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि एक पाऊल टाकलं. मग गुडघ्याच्या वर धरलं. दुसरं पाऊल उचलायला तिला जड जात होतं. एका हातानं ती पुढ्यातलं काहीतरी बाजूला सारत होती.

"आये," आबा म्हणाले, "काय करतीस?"

ती कशीबशी खांबापर्यंत आली आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून धापा टाकत उभी राहिली. आम्ही सगळे उठलो होतो. सखारामच्या हातून हातोडा पडला, त्याच्या आवाजाकडं तिनं तोंड वळवलं. मग सुनेकडं. मग माझ्याकडं.

"तुमी समदी," ती म्हणाली, "कोरडी कशी?"