आमरसाच्या डब्याचं ठिगळ

मिशिगनमधल्या ट्रॉयला आम्ही राहायला गेलो ते ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअर होतो. माझं काम ब्रेकची ड्रॉइंग्ज तपासण्याचं. पण घरी पत्र लिहिताना मी 'मोटारी बनवतो' असं लिहायचो, आणि हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

बायकोला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि दुसरी गाडी घेणं भाग पडलं. ऑफिसातल्या एका रिटायर होणाऱ्या गृहस्थाकडून मी त्याची नऊ वर्षं जुनी स्टेशन वॅगन घेतली. आमच्या शनिवारच्या जेवणांना चार-पाच मराठी कुटुंबं जमायची. तिथे मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बर्फ पडायच्या आत गाडी नव्यासारखी करतो. गॅरेजचं तोंडही बघणार नाही."

ऑक्टोबरचे सगळे रविवार मी गाडीखाली घालवले. बॅटरी बदलली, अँटिफ्रीझ भरलं, मागे बर्फात चालणारे टायर चढवले. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तळाचा पत्रा जागोजागी खाल्ला होता. मोठी भोकं मी पत्रा ठोकून बुजवली, बारीक फटी डांबराची लांबी भरून. दारांच्या फटींतून वारा येऊ नये म्हणून सगळीकडे रबराच्या पट्ट्या चिकटवल्या. त्या पट्ट्यांचा मला विशेष अभिमान होता.

शेवटी राहिली इंजिनाचा धूर सायलेन्सरपर्यंत नेणारी नळी. तिला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. नळी बदलायला गेलो तर गंजलेला बोल्ट पान्यातच तुटला. आता तो गॅसच्या ज्योतीने कापावा लागणार, म्हणजे गॅरेज आलंच. मी स्वयंपाकघरात गेलो. दिवाळीला बायकोने पुऱ्यांबरोबर आमरस केला होता, त्याचा आंब्याचं चित्र छापलेला रिकामा पत्र्याचा डबा सिंकपाशी पडला होता. तो उभा कापला, नळीभोवती गुंडाळला, दोन्हीकडून क्लॅम्प आवळले. इंजिन चालू करून हात लावून पाहिला. धूर येत नव्हता. वसंतात नळी बदलू, असं मनाशी म्हणालो आणि आत जाऊन बायकोला सांगितलं, "झाली तुझी गाडी. सगळं केलं."

डिसेंबरात तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी अर्धा तास गाडी चालवून ती कामावर पोचायची ती मळमळतच. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास पलंगावर पडून राहायची. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. मी म्हणालो, "पहिलीच थंडी आहे तुझी. सूर्य दिसत नाही, घरची आठवण येते. मन कुठेतरी गुंतव."

तिने ते ऐकून घेतलं. तिला ते पटलं, हे जास्त वाईट. ती स्वतःलाच दोष द्यायला लागली. शनिवारच्या जेवणाला एका काकूंनी विचारलं तर म्हणाली, "मीच जरा कमजोर आहे हो."

जानेवारीतल्या एका रविवारी पोळ्या लाटताना ती म्हणाली, "शनिवार-रविवारी माझं डोकं दुखत नाही. तुमच्या लक्षात आलंय का?"

"म्हणजे कामाचाच कंटाळा आलाय," मी म्हणालो.

इथे मला खरं लिहायला हवं. ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला तो डबा आठवला. अगदी स्पष्ट. उठून, कोट चढवून, गाडीखाली जाऊन पाहावं, असंही वाटलं. पण बाहेर कडाक्याची थंडी होती, गाडीखाली बर्फ साचला होता. मी स्वतःला समजावलं की पत्रा घट्ट बसवलाय, इतक्यात काही होणार नाही. आणि तिने वाढलेली पोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी कामावर पोचल्याबरोबर तिने लॅबमधल्या मैत्रिणीला स्वतःचं रक्त काढायला लावलं. दुपारी ती मैत्रिणीच्या गाडीतून घरी आली. मला ऑफिसात फोन केला. आवाज शांत होता.

"रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे. गाडीतून येतोय. मी ती गाडी चालवणार नाही. तुम्हीही चालवू नका."

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. आम्ही दोघं तिथे उभे असताना म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडी वर उचलली. ठिगळ एका बाजूने फाटून लोंबत होतं. तळातली लांबी एका जागी गळून पडली होती, धूर तिथूनच आत जात होता. आणि दारं तर मी रबर लावून पक्की बंद केली होती. मेकॅनिकने पक्कडीने पत्रा ओढून काढला, उलटा केला. करपलेल्या रंगाखाली अर्धा आंबा दिसत होता.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

बायको त्या आंब्याकडे बघत होती. "आमच्याच घरचं आहे," ती त्याला म्हणाली.

परतताना तिने एकच विचारलं. "मी डोकं दुखतंय म्हणायची, तेव्हा हे आठवलं नाही तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

नळी बदलून गाडी आली. वसंतात तिने जवळच्या कॉलेजात गाडी दुरुस्तीच्या वर्गात नाव घातलं. पुढच्या ऑक्टोबरपासून आपल्या गाडीची थंडीची तयारी ती स्वतः करू लागली. मी मदतीला गेलो तर म्हणायची, "असू दे, माझं होतंय." तिच्या बोलण्यात राग नसायचा.

तो 'नाही' मी बारा वर्षं सांभाळला. एकदा शिकागोहून, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून वाणसामान घेऊन येताना ती गाडी चालवत होती, तेव्हा सांगून टाकलं की मला आठवलं होतं, त्याच रविवारी.

"त्या हिवाळ्यात मी आईला लिहिलं होतं," ती म्हणाली, "की मला इथे झेपत नाही, माझ्या मनातच काहीतरी बिघडलंय. ती फार काळजीत पडली. नंतर खरं कारण लिहायचं होतं. पण मग तुमचं नाव आलं असतं. म्हणून नाही लिहिलं."

तिची आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती. मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "पुढच्या एक्झिटला चहा घेऊ या," आणि तिने इंडिकेटर दिला.