गोणपाटाची खोली

सोफे शिवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, हाताला सफाई आहे म्हणून म्हणत असतील. खरं कारण त्यांच्या बायकोला ठाऊक होतं आणि दोन-चार महिन्यांनी कुणाला तरी ते सांगितल्याशिवाय तिला करमत नसे. शाळेत असताना गाण्याच्या बाईंनी त्यांना पहिल्याच आठवड्यात वर्गाबाहेर काढलं होतं. "तू पायरीवर बस, बाळ. तुझ्यामुळे बाकीचेही घसरतील." त्या दिवशी पोरांनी उस्ताद म्हणून चिडवलं, ते नाव कायमचं चिकटलं. उस्ताद हसून घ्यायचे. तोंडात डझनभर बारीक खिळे धरून बसलेला माणूस हसण्याशिवाय दुसरं करणार तरी काय!

बायकोला एवढंच माहीत होतं. पायरीवर बसून उस्तादांनी वर्षभर सगळे धडे मन लावून ऐकले होते, हे मात्र त्यांनी तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्यांची लेक गाण्यांना चाली लावायची, लहान मुलांसाठी गाणी करायची. रेकॉर्डिंग कुठे, तर कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. "गातेय की लपून बसलीय, कळायला मार्ग नाही," आई म्हणायची. शेवटी लेकीने मागची खोली मागितली. तिथे फोमचे गठ्ठे आणि काथ्याची पोती असायची. उस्तादांनी एका रविवारी सगळं दुकानात हलवलं आणि म्हणाले, "भिंती माझ्याकडे लागल्या. माइक आणि कॉम्प्युटरचं तुझं तू बघ."

एवढ्यात बाईंचा विषय निघाला. बाई आता ऐंशीच्या घरात. लेकही त्यांच्याकडेच शिकलेली. जुन्या शिष्यांनी त्यांच्या सगळ्या धड्यांचं रेकॉर्डिंग करायचं ठरवून त्यांना एका मोठ्या स्टुडिओत नेलं होतं. तासाभरात बाई पर्स उचलून बाहेर. "मी इकडे, ते काचेपलीकडे. मासा आहे का मी?" आता महिनाअखेर त्या मुलाकडे परगावी कायमच्या राहायला चालल्या होत्या. धडे व्हायचे तर त्याआधीच.

"आमच्याकडे या ना बाई," लेक म्हणाली. "बाबा खोली करतायत."

"कोण तुझे बाबा?"

"सोफेवाले."

"बरं. बघून ठरवते."

हे ऐकल्यापासून उस्तादांचं जेवणात लक्ष नव्हतं. बायकोने ओळखलं. "अहो, पन्नास वर्षं झाली. त्यांना काय डोंबल आठवतंय?"

"न आठवलं तर बरंच. खोली आवडली म्हणजे झालं."

पण नुसती खोली आवडून भागणार नव्हतं. गाण्यातलं एक तरी काम तुला जमलं, एवढं बाईंच्या तोंडून त्यांना ऐकायचं होतं.

उस्तादांनी जीव ओतला. चारही भिंतींना चार बोटं जाडीचा फोम, त्यावर उत्तम रेक्झिन ताणून, वीतभर अंतरावर बटणं खोचून अशा चौकटी उठवल्या की भिंत आहे की राजाचं सिंहासन! रंग बायकोने निवडला, पिकलेल्या जांभळाचा. काम संपल्यावर तिने दिवसातून चारदा दार उघडून नुसतं बघून घेतलं. लेकीने माइक लावून पाहिला आणि जरा थबकली. "थोडं घुमतंय का बाबा?" पण बापाचा चेहरा बघून तीच म्हणाली, "मशीनचं असेल."

बाई आल्या. काठी टेकत दारात उभ्या राहिल्या, भिंतींवरून हात फिरवला, म्हणाल्या, "सुरेख." उस्तादांचा जीव भांड्यात पडतोय तोच बाईंनी एक टाळी वाजवली. टाळी भिंतीभिंतींवरून फिरून परत आली.

"ही खोली आहे की न्हाणीघर?"

उस्ताद भिंतीतलं एक बटण उगाच दाबून बघू लागले.

"बसायला छान आहे. गायला नाही," बाई म्हणाल्या. "गुरुवारी फार तर परत एकदा येते. मग मला सामान आवरायचंय."

बाई गेल्यावर लेकीने आवाज शोषणाऱ्या तयार फळ्यांची चौकशी केली. यायला तीन आठवडे. गुरुवार पाच दिवसांवर. "आपण बाईंना नाही सांगून टाकू या," ती म्हणाली.

उस्ताद उठून दुकानात गेले. एका बाजूला पाठवायला तयार असलेला नवा कोरा रेक्झिनचा सोफा, दुसरीकडे उसवून ठेवलेला जुना, काथ्या-गोणपाट उघडं पडलेला. ते नव्यासमोर उकिडवे बसले आणि टाळी वाजवली. मग जुन्यासमोर बसून वाजवली. पुन्हा नव्यासमोर. समोरचा चहावाला ओरडला, "उस्ताद, कुणाचं कौतुक चाललंय?"

"जुन्याचं!" उस्ताद म्हणाले आणि घराकडे धावलेच.

रेक्झिन! पाणी आत जाऊ नये म्हणून केलेलं कापड, त्यातून आवाज तरी आत कसा जाणार? तो येत होता आणि चकचकीत दारावर टकटक करून परत फिरत होता. फोम आत नुसता बसून. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी कुरूप ते आत झाकलं होतं आणि देखणं ते वर ताणलं होतं. इथे नेमकं उलटं हवं होतं.

हातात पक्कड बघून बायको दारात आडवी आली. "हात लावाल तर बघा! माझा रंग आहे तो."

"तुझ्या रंगाच्या खुर्च्या करतो सहा."

"आठ."

"आठ."

बायको बाजूला झाली आणि मग उसवायलाही तीच बसली. पडलेली बटणं वेचून डब्यात भरताना म्हणत होती, "बाई म्हणजे बाई! तेव्हा पोराला बाहेर काढलं, आता कापडाला."

तीन दिवसांत खोलीचं रूप पार पालटलं. फोमच्या आधाराला काथ्याचे थर, वर सैलसर गोणपाट, तेही न ताणता. सोफ्याच्या पोटाखाली कुणालाही दिसू नये म्हणून लावतात तेच. एका भिंतीला मात्र त्यांनी काही लावलं नाही. तिथे पुस्तकांनी भरलेलं लाकडी कपाट सरकवलं. सगळंच मऊ केलं तर आवाज गुदमरेल, असं त्यांचं मत. कुठून कळलं म्हणून लेकीने विचारलं तर म्हणाले, "पायरीवर बसून." तिला काही समजलं नाही.

गुरुवारी बाई आल्या. पोत्यात शिरल्यासारखी ती खोली बघून त्यांची भुवई वर गेली. टाळी वाजवली. कान देऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन आणखी एक वाजवली. मग आठांपैकी तयार झालेल्या एकुलत्या जांभळ्या खुर्चीवर बसत म्हणाल्या, "पेटी आणा."

बायको पळत जाऊन फ्रीज बंद करून आली. त्याची घरघर माइकला ऐकू येते, हे लेकीने बजावून ठेवलं होतं. लेक कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरशी. उस्ताद दाराशी, भिंतीला चिकटून. काच नव्हतीच मध्ये. बाईंनी पेटीवर बोटं ठेवली आणि पहिला धडा सुरू केला. आवाज थरथरायचा, पण सूर म्हणजे ओळंब्याने बघून बांधलेली भिंत. चौथ्या धड्यात त्या वरच्या 'सा'पर्यंत पोचल्या आणि उस्तादांचा हात आपोआप वर गेला.

"थांबा, बाई."

लेकीने डोळे मोठे केले. बायकोने कपाळाला हात लावला. बाईंना मध्येच थांबवायची टाप त्यांच्या नवऱ्याचीही नव्हती म्हणतात.

"काय झालं?"

"वरच्या 'सा'बरोबर काहीतरी बोलतंय. किंचित उतरलेलं."

"मला काही ऐकू आलं नाही, बाबा," लेक हेडफोन चाचपत म्हणाली.

उस्ताद गुडघ्यांवर बसले. खुर्चीला कान लावला. मग वर बघून ओशाळून म्हणाले, "माझीच स्प्रिंग आहे. बाई, जरा उठता?"

बाई उठल्या. उस्तादांनी बैठकीवर कान टेकला आणि बाईंनी पेटीवर तोच सूर दाबून धरला. खुर्चीच्या पोटातून बारीकसा, रडका, खरोखरच किंचित उतरलेला आवाज आला. लेकीने हेडफोन काढून आ वासला.

बाईंनी उस्तादांकडे निरखून पाहिलं. "तू शेवटच्या बाकावरचा ना? ज्याला मी पायरीवर बसवलं?"

"हो, बाई."

"एवढं ऐकू येत होतं, तर गात तसा का होतास?"

"मला कळायचं सगळं. गळा ऐकायचा नाही."

"म्हणजे शिक्षा गळ्याला द्यायची ती मी कानाला दिली," बाई म्हणाल्या.

"नाही, बाई. पायरीवरून छान ऐकू यायचं."

बायकोने तोवर स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणून ठेवलं होतं. बाई त्यावर बसल्या. लेकीला म्हणाल्या, "तुझं मशीन चालू दे." मग उस्तादांना, "आणि तू दारात काय उभा? इथे समोर बस. गायचं नाही हं! नुसतं ऐकायचं. घसरले की हात वर कर."

रेकॉर्डिंग तीन दिवस चाललं. उस्तादांनी आणखी दोनदा हात वर केला. पहिल्यांदा बाईंनी मुकाट्याने धडा परत घेतला. दुसऱ्यांदा वाद घातला, लेकीला तो तुकडा पुन्हापुन्हा वाजवायला लावला, आणि शेवटी "बरं" म्हणून पुन्हा गायल्या. शेवटच्या दिवशी निघताना गोणपाटावरून हात फिरवून म्हणाल्या, "दिसायला भयंकर आहे रे. पण काम चोख." उस्तादांनी मान डोलावली. तोंडात खिळे असल्यासारखे नुसते हसत होते.

बाईंना रिक्षात बसवून ते घरात आले तर बायको स्वयंपाकघरातून ओरडत होती. तीन दिवसांत तिसऱ्यांदा ती फ्रीज चालू करायला विसरली होती आणि दूध नासलं होतं.

"तुमच्या बाईंनी ऐकवलं छान," ती म्हणाली. "आता चहा कोरा प्या."

उस्तादांनी पाटावर मांडी घातली. "कोराच दे," ते म्हणाले.