ताराआत्याचा पाय फळीत गेला तेव्हा

दिवाळी नुकतीच संपली होती. अंबरनाथच्या आमच्या कंपनी क्वार्टरमध्ये सकाळी चहाचा कप घेऊन चालता चालता ताराआत्याचा पाय जमिनीत गेला... पायाखालची फळी मोडली आणि ती गुडघ्यापर्यंत आत! पन्नासच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा शाळेत होते. पण हे लिहिताना आजही डोकं तापतंय.

ते घर मूळचं गोऱ्या साहेबाचं. सागवानी फळ्यांची जमीन, तिच्याखाली हातभर पोकळी. साहेब गेल्यावर मधे भिंत घालून बंगल्याची दोन घरं केली... एकात आम्ही, दुसऱ्यात देशपांडे. त्यांच्या नलूवहिनी तेव्हा नुकत्याच बाळंत झाल्या होत्या.

आत्या बाबांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला म्हणून ती आमच्याकडेच राहायची, पण उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातल्या एका शाळेत शिवण शिकवायची, आणि त्याचा तिला फार अभिमान होता. घोट्याचं हाड मोडलं, पाय प्लास्टरमध्ये गेला... शाळेने दुसरी बाई नेमली.

क्वार्टर्सची देखभाल बघणारे साहेब आले. आत्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. भोक बघितलं आणि बाबांना म्हणाले, "गोऱ्या लोकांच्या वेळी एक फळी मोडली नाही. तुमच्या बायका रोज बादल्या ओततात."

बादल्या? आई फडकं घट्ट पिळून पुसायची हो, पाठ मोडेपर्यंत! पण बाबांची नोकरी कंपनीची, घरही कंपनीचं... भोकावर पत्रा ठोकला, वर मेणकापड अंथरलं आणि साहेब गेले.

काही दिवसांतच पत्र्याशेजारच्या फळ्याही दबायला लागल्या. बाबांनी अर्ज केला, तर ऑफिसातून उत्तर आलं की पुढच्या वर्षी बघू. शेवटी बाबांनीच उल्हासनगरहून एका सिंधी मिस्त्रींना बोलावलं. लष्कराच्या पाडलेल्या बराकींमधल्या जुन्या सागवानी फळ्या त्यांच्याकडे होत्या.

कुजलेल्या फळ्या निघाल्या आणि घरभर कुबट वास पसरला. बाबा कंदील घेऊन आत वाकले. बाहेरच्या भिंतीत जमिनीखाली हवा खेळायला झरोके होते, ते सगळे विटांनी बुजवलेले! बाहेरून वर गिलावा आणि चुना.

देशपांडे आमच्याआधीपासून तिथे राहत होते. त्यांनी सांगितलं, घरांची वाटणी झाली तेव्हा भिंत नीटनेटकी दिसावी म्हणून याच साहेबांनी झरोके बुजवून घेतले होते. ओल आत कोंडली, लाकूड खालून कुजत गेलं... आणि बोल लावला कुणाला, तर माझ्या आईला.

बाबा साहेबांना बोलावून घेऊन आले. आम्हाला वाटलं, आता तरी ओशाळतील. तर ते उलट विचारायला लागले, परवानगीशिवाय कंपनीच्या फळ्या उचकटल्याच कशा?

आत्या खाटेवर बसली होती. आवाज न चढवता म्हणाली, "माझ्या पायाचं राहू द्या. पलीकडे बाळंतीण आहे, तिच्या जमिनीखालीही असंच असणार. झरोके आज उघडून देता का?"

वरून मंजुरी यावी लागेल, असं साहेबांनी सांगितलं.

आईने मिस्त्रींची पहार उचलली. कुणाला काही न विचारता बाहेर गेली, पदर खोचला आणि गिलाव्यावर घाव घातला. साहेब बाबांना म्हणाले, "आवरा त्यांना."

बाबा आईजवळ गेले, तिच्या हातातून पहार घेतली आणि म्हणाले, "तू हो बाजूला. हे मी आधीच करायला हवं होतं." आणि त्यांनी दुसरा घाव घातला... मागोमाग देशपांडेही कुदळ घेऊन आले. साहेब निघून गेले.

संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांचे झरोके मोकळे झाले. नलूवहिनींच्या खोलीतल्या फळ्या काढल्या, तर पाळणा होता तिथल्या तुळईचा हात लावताच भुगा होत होता. वहिनींनी बाळाला घट्ट उराशी धरलं.

बाबांची त्या वर्षीची बढती गेली.

आत्या मात्र पुढे जन्मभर जराशी लंगडत चालली आणि त्या शाळेत परत कधीच गेली नाही. तिची माफी मागायला कुणीही आलं नाही... आईबाबांचे उपकार मी रोज मानते. त्या माणसाला माफ केलेलं नाही, आणि आता या वयात करणारही नाही.